फोंड्यातलं पेटी दुरुस्तीचं दुकान, आणि तिथलं मागचं स्टूल

पेटी (म्हणजे हार्मोनियम) दुरुस्त होऊन घरी आली त्याच आठवड्यात हा रिव्ह्यू लिहायचा होता, पण पेटी आली तरी माझं तिकडे जाणं काही थांबलं नाही, आणि पहिल्यांदा गेले त्याला आता दीड वर्ष होईल, त्यामुळे हा नुसता दुकानाचा रिव्ह्यू राहिलेला नाही हे आधीच सांगते. ज्यांना फक्त रेट किती आणि दिवस किती लागतात एवढंच हवंय त्यांनी सरळ खाली जावं, तिथे सगळं लिहिलंय. पण वेळ असेल तर पूर्ण वाचा, कारण या दुकानातून मी जे घेऊन आले त्यातलं बरंचसं बिलात नव्हतं.

दुकान फोंड्यात, वरच्या बाजाराच्या मागच्या अंगाला. बोर्ड नाही, मॅपवर नाही. बाजारात कुणालाही "पेटीवाले मेस्त कुठे बसतात" असं विचारलं की हात करून दाखवतात. आपल्याकडे सुताराला मेस्त म्हणतात तसंच यांनाही म्हणतात, खरं नाव फार थोड्यांना माहीत असेल आणि मीही ते इथे देत नाही, त्यांना आवडणार नाही. मेस्त हा शब्द पोर्तुगीजमधून आलाय आणि तिकडे त्याचा अर्थ उस्ताद, गुरू असाही होतो हे मला अलीकडे कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच खूश होऊन बसले होते.

आता पेटीबद्दल. ही माझ्या आजोबांची. आजोबा शिरोड्याचे, भजनाला आणि उत्सवातल्या संगीत नाटकांना साथ करायचे, पोटापाण्याला दुसरा धंदा होता पण गावात ओळख पेटीवालेच. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, डबल रीड, म्हणजे प्रत्येक पट्टीला सूर काढणाऱ्या दोन पितळी जिभा, आत एकूण ८४ रीड, आणि तेही जुने जर्मन. आजोबा गेल्यावर पेटी सात-आठ वर्षं कपाटावर झाकून ठेवलेली होती, आणि गोव्यात कपाटावर झाकून ठेवलेल्या लाकडी वस्तूचं सात पावसाळ्यांत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. काही पट्ट्या दाबल्या की खालीच राहायच्या, एक सूर न दाबताच वाजत राहायचा, भाता मारला तर हवा कुठून तरी फुस्स करून निघून जायची, आणि उघडली की आतून बुरशीचा वास.

आधी मी ती एका शहरातल्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात नेली. तिथल्या माणसानं दोन मिनिटं वाजवून सांगितलं की सगळ्या पट्ट्या बदला, रीड पण जुने झालेत, नवीन सेट टाकून देतो, १४,००० होतील, त्यापेक्षा नवीन पेटीच घ्या. मी हो म्हणायच्या बेतात होते. बाबांनी अडवलं, म्हणाले आजोबांचे रीड आहेत ते, थांब, फोंड्याला एक जण आहेत त्यांना एकदा दाखव. आज विचार केला तर पोटात गोळा येतो, कारण जुने जर्मन रीड मिळावेत म्हणून पेटीवाले लोक किती शोधत असतात ते मला आता माहितीये, आणि ते रीड मी स्वतः हातानं देऊन टाकणार होते.

तर जुलैमधल्या एका शनिवारी, धो धो पावसात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटी घेऊन गेले. दुकान म्हणजे एक खोली. एका भिंतीला पेट्या एकावर एक, दुसऱ्या भिंतीवर पेटीवादक पं. तुळशीदास बोरकरांचा फोटो (बोरी फोंड्यापासून जवळच, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळालं तेव्हा अख्ख्या तालुक्याला आपल्याच घरातल्या माणसाला मिळाल्यासारखं वाटलं होतं), आणि खिडकीजवळ मेस्त, सत्तरीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी पेटी वाजवली नाही. रीडकडे हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद केल्या, भाता भरला, आणि हात सोडून नुसते ऐकत बसले. मी काहीतरी सांगायला गेले तर म्हणाले, "आयक. मागीर सांग." आधी ऐक, नंतर सांग. ऐकलं तर आतला भाता उतरताना बारीक आवाज येत होता, डाव्या कोपऱ्यातून. मग एक खुंटी उघडली, परत भाता, परत गप्प. असं वीस मिनिटं. मग म्हणाले, घेऊन जा.

मला वाटलं नाही म्हणतायत. तर म्हणाले, नाही म्हणत नाही, आता श्रावण तोंडावर आहे, वास्कोच्या भजनी सप्ताहाच्या पेट्या आल्यात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्यांच्या पेट्या येतील, तुझी चवथीनंतरच होईल, तोवर घरीच ठेव आणि कुठली पट्टी कधी अडकते ते बघ. मी तेव्हाच विचारून टाकलं की मला हे काम शिकवाल का. का विचारलं ते सांगता येत नाही, ती वीस मिनिटं बघून मला एवढंच वाटलं की हा माणूस जे ऐकतोय ते मला ऐकू येत नाहीये आणि मला ते ऐकू यायला हवं. ते म्हणाले, "हांव शिकयना." मी शिकवत नाही. एवढंच, रागानं नाही, पण पुढे बोलायला जागा नाही असं.

घरी आले. मी कुंडईला एका औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, आमचं कामच मोजायचं आणि लिहून ठेवायचं. त्यामुळे "कधी अडकते ते बघ" म्हटल्यावर मी दुसरं काय करणार, एक वही घेतली. सकाळी साडेसहाला ड्युटीला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, सुट्टीच्या दिवशी दुपारी पण, ४२च्या ४२ पट्ट्या एकेक करून दाबायच्या, कुठली अडकली, कुठली उशिरा वर आली, न दाबता वाजणारा सूर वाजला की नाही, सगळं लिहायचं. खोलीत ठेवायला एक छोटं ह्युमिडिटी मीटर आणलं, तीन-चारशे रुपयांना मिळतं, त्याचं रीडिंग पण शेजारी. आईला वाटलं माझं काहीतरी बिघडलंय. पण चौथ्या-पाचव्या दिवशीच दिसायला लागलं, की सहा पट्ट्या फक्त सकाळी अडकतात, जेव्हा मीटर ९०च्या वर असतं, आणि ज्या दिवशी दुपारी ऊन पडून आकडा ७५च्या आसपास येतो त्या दिवशी त्याच पट्ट्या सुरळीत चालतात. दोन पट्ट्या मात्र कधीही दाबा, अडकतातच. आणि तो आपोआप वाजणारा सूर, त्याचा हवेशी काही संबंध दिसेना, तो भाता जोरात मारला की वाजायचा आणि हळू मारला की गप्प.

दोन आठवड्यांनी वही घेऊन गेले, पेटी न नेता. रविवार होता, रविवारी दुकान बंद असतं पण ते अर्ध्या दारात बसून काम करत असतात. मी काही बोलले नाही, वही दिली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, प्रत्येक पान, बोट फिरवत. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. एका पानावर थांबून विचारलं, या दिवशी दुपारी पण अडकल्या, असं का? मी म्हटलं त्या दिवशी लाईट गेली होती, पंखा बंद होता, आणि दिवसभर पाऊस. त्यांनी मान हलवली आणि पायानं मागचं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस."

त्या स्टुलावर मी अजून बसते.

वहीतून त्यांना काय कळलं ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि मला ते इतकं आवडलं की इथे लिहितेच. सहा पट्ट्या सकाळी अडकतात आणि दुपारी सुटतात म्हणजे स्प्रिंग ठीक आहेत, लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतंय, बाजूनं केसभर तासलं की झालं. दोन कायमच्या अडकतात, त्यांचीच स्प्रिंग गंजलेली. आपोआप वाजणारा सूर जोराच्या भात्यावरच वाजतो म्हणजे त्याच्या झडपेखालचं चामडं कडक झालंय, नीट बसत नाही, हवेचा दाब वाढला की फटीतून रीडला हवा मिळते. म्हणजे ज्या पेटीच्या ४२च्या ४२ पट्ट्या बदलायला सांगितल्या होत्या तिच्यातल्या एकाही पट्टीला बदलायची गरज नव्हती.

चवथ झाल्यावर पेटी नेली, ऑक्टोबरात तयार झाली. भात्याच्या कोपऱ्यांचं चामडं नवीन, झडपांखालचं मऊ चामडं सगळं नवीन, स्प्रिंगा दोन, पट्ट्या तासून, ८४ रीड काढून साफ करून परत ट्यून, बाहेरून पॉलिश नको म्हटलं मीच, आजोबांच्या बोटांनी जिथे लाकूड गुळगुळीत झालंय ते तसंच हवं होतं. जिथे पुढेमागे पुन्हा उघडावं लागेल तिथे ते सरस हा जुन्या पद्धतीचा गोंदच वापरतात, कारण सरस ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, उद्या दुसरा कुणी ही पेटी उघडेल त्याला शिव्या घालायला लागू नयेत म्हणतात. बिल ३,४००. आवाजाबद्दल काय लिहू, बाबा ऐकून आत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पण मधल्या रविवारांबद्दल लिहायचंय मला.

पहिले सहा रविवार मी फक्त रीड साफ केले. पितळेची पट्टी, तिच्यावर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळेचीच पातळ जीभ, तिच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी फट. त्या फटीत धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो नाहीतर चिरका. मऊ ब्रश, मग जिभेखालून पातळ पत्ती सरकवून कण काढायचा, जीभ वाकवायची नाही. एक रीड साफ केला की ओठांशी धरून हळूच हवा ओढायची, वाजला तर बाजूला. एका पेटीचे ८४, आणि सप्ताहाच्या पेट्यांत कापराचा आणि उदबत्तीचा तेलकट थर बसलेला असतो, तो निघता निघत नाही. सहा रविवारांत मेस्त माझ्याशी फार तर पन्नास वाक्यं बोलले असतील. पण मी बसायचे त्या जागेवरून त्यांचे हात दिसायचे, आणि आता वाटतं की स्टूल तिथेच ठेवलेलं ते उगाच नव्हतं.

सातव्या रविवारी त्यांनी दोन रीड एकदम वाजवले आणि विचारलं काय ऐकू येतं. मी म्हटलं एकच सूर. परत ऐक. परत ऐकलं. मग कळलं की सूर एकच आहे पण तो हलतोय, उवॅं-उवॅं-उवॅं अशा लाटा येतायत. कॉलेजात फिजिक्समध्ये हे मी शिकले होते, दोन आवाजांच्या कंपनांत जेवढा फरक तेवढ्या सेकंदाला लाटा, एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन लाटा, पेपरात गणित सोडवलेलं आणि मार्क मिळालेले. पण कानानं ते पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. ट्यूनिंग म्हणजे त्या लाटा हळू हळू करत संपवायच्या. जिभेच्या शेंड्याला घासलं तर शेंडा हलका होतो आणि सूर चढतो, मुळाशी, रिव्हेटजवळ घासलं तर जीभ तिथे ढिली पडते आणि सूर उतरतो. आणि बाहेर बरोबर लावलेला रीड पेटीत परत बसवला की थोडा सरकतोच, म्हणून बसव, ऐक, काढ, घास, बसव, ऐक. एका रीडला कधी दोन मिनिटं लागतात, कधी अर्धा तास.

डिसेंबरात मी एक रीड घालवला. गिऱ्हाइकाचा. शेंड्याला घासत गेले, सूर चढेना म्हणून अजून घासलं, थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही, आणि शेंडा इतका पातळ झाला की सूर पत्र्यासारखा वाजायला लागला, मग तो खाली आणायला मुळाशी घासलं, आणि जीभ तुटली. मला वाटलं आता संपलं. मेस्तांनी तुटलेला रीड हातात घेतला, उजेडात धरून बघितला, त्या पेटीला मिळताजुळता जुना रीड त्यांच्या डब्यातून शोधून काढला (तासभर गेला शोधण्यात), स्वतः लावला, आणि मला म्हणाले, याचे ऐंशी रुपये दे.

मी दिले. रडू येत होतं पण दिले. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की आत्तापर्यंत मी जे काही चुकवलं ते त्यांनी नुसतं नीट करून टाकलं होतं, पाहुण्याकडून कप फुटला की आपण "असू दे असू दे" म्हणतो तसं. पैसे पहिल्यांदाच मागितले. म्हणजे त्या दिवसापासून त्या दुकानातलं काम थोडं माझंही आहे. पुढच्या रविवारी त्यांनी मला परत रीड दिला, तसाच, शेंड्याला घासायचा.

ते स्वतः कसे शिकले ते मी बरेच महिने विचारलंच नव्हतं, मग एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलं. सतराव्या वर्षी मुंबईला गेले, गिरगावात गोव्याच्याच ओळखीनं राहायची सोय, आणि एका पेटीच्या कारखान्यात झाडू मारायचं काम. कुणी शिकवणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. झाडताना लाकडाचा भुसा, चामड्याचे तुकडे, पितळेचा कीस वेगवेगळा गोळा करून ठेवायचे, कारण त्यांना बघायचं होतं कुठल्या कारागिराच्या पाटाखाली किती कीस पडतो. ज्याच्या खाली सगळ्यात कमी कीस पडायचा त्याच्या पेट्या सगळ्यात चांगल्या लागायच्या. महिनाभरानं त्या कारागिराला जाऊन हे सांगितलं. तो काही बोलला नाही म्हणे, पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कारखाना बंद झाल्यावर यांना थांबवून घ्यायला लागला. हे ऐकलं आणि मला माझी वही आठवली. मेस्तांना पण आठवली असणार, ते काही म्हणाले नाहीत.

इथे जरा माझ्या नोकरीबद्दल सांगते, कारण त्याचा संबंध आहे. तीन वर्षांपूर्वी मला ऑफिसात एक मेंटॉर नेमून दिला होता. फॉर्म भरायचा, महिन्यातून एकदा भेटायचं. मी प्रत्येक वेळी जाऊन विचारायचे, सर, मी करिअरमध्ये पुढे कसं जाऊ, आणि सर बिचारे काय सांगणार, चांगलं काम करत राहा म्हणायचे, चार-पाच भेटींनंतर दोघांनीही नाद सोडला. तेव्हा मला वाटायचं की माझं नशीबच असं, मला कुणी शिकवणारं भेटत नाही. आता दिसतं की मी त्या भेटींना रिकाम्या हातानं जात होते. गेल्या वर्षी लॅबमधल्या एका मशिनच्या रीडिंगमध्ये मला काहीतरी विचित्र वाटत होतं, तेव्हा मी आधी तीन आठवड्यांचे आकडे शिफ्टप्रमाणे मांडले आणि मग आमच्या एका सीनियर मॅडमना दाखवले, फक्त एवढंच विचारलं की मला इथे असं दिसतंय, मी बरोबर बघतेय का. त्या मॅडम, ज्या कुणाशी कामापलीकडे बोलत नाहीत, खुर्ची ओढून बसल्या माझ्या शेजारी. त्यानंतर त्यांनी मला किती गोष्टी सांगितल्यात त्याची एक दुसरी वही झालीये.

मेस्तांच्या दुकानात शिकायचंय म्हणून येणारे बरेच असतात हो. मी असतानाच पाच-सहा तरी आले. एक मुलगा चांगला वाजवणारा, हात सुंदर, पण त्याला महिन्यात ट्यूनिंग शिकून स्वतःचं सुरू करायचं होतं, रीड साफ करायला दिले तर म्हणाला हे येतं मला. येतही असेल. दुसऱ्या रविवारी आला नाही. एक काका रिटायर झालेले, त्यांना मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण ते येतात, भात्याच्या पुठ्ठ्याच्या घड्या घालतात, आणि मेस्त त्यांना माझ्यापेक्षा जास्त सांगतात. मला आधी हेवा वाटायचा. मग बघितलं की काका प्रत्येक घडी झाली की विचारतात, ही आधीपेक्षा बरी आहे का, आणि नाही म्हटलं तर उलगडून परत घालतात, चेहऱ्यावर काहीही न येता. असा माणूस समोर बसला की सांगणाऱ्याला थांबवतच नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू खरं तर लिहायला घेतला ते. मेस्त स्वतः.

पेटीचा एक जुना वाद आहे, गाणाऱ्यांना माहितीये. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर लावलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत, सा कुठल्याही सुरावर धरून, वाजवता येतं, पण त्यामुळे काही सूर गळ्यातल्या नैसर्गिक सुराशी तंतोतंत जुळत नाहीत. सगळ्यात जास्त खटकतो शुद्ध गंधार. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती तीस वर्षांवर टिकली, त्यामागे हेही एक कारण होतं. मेस्त नेहमी म्हणायचे, पेटीचा गंधार कडक असतो. एका रविवारी मी फोनवर तानपुरा लावला, त्यांनी गंधार गायला, आणि मी दुसऱ्या फोनवरच्या ट्यूनरवर बघितलं, मग पेटीचा गंधार वाजवून बघितला. पेटीचा साधारण १४ सेंट वर. मी सहज म्हटलं, मेस्त, कडक म्हणजे चौदा सेंट.

त्यांनी काम खाली ठेवलं. सेंट म्हणजे काय? मी सांगितलं, शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक. मग धैवत किती? निषाद किती? पंचम? पंचमात दोनच सेंटचा फरक येतो हे ऐकल्यावर म्हणाले, म्हणूनच तो कधी टोचला नाही. त्या दिवशी काम झालंच नाही. पुढच्या रविवारी गेले तर त्यांनी एक वही केली होती, माझ्या वहीसारखीच, रकाने आखून, आणि नातवाकडून फोनवर ट्यूनर घालून घेतला होता. पन्नास वर्षं कानानं ट्यूनिंग करणारा माणूस, ज्याच्याकडे लांबून लांबून पेट्या येतात, तो मला विचारत होता, ही सुई थरथरते तेव्हा कुठला आकडा धरायचा गो? मी त्यांना तीन रविवार शिकवलं. चुकलं की खोडून परत लिहायचे. त्यांच्या समोर बसून मला कळलं की सहा रविवार रीड घासताना मी कशी दिसत असेन.

आता गंधार ट्यूनिंगची पेटी कुणी मागितली, म्हणजे सा एकाच ठरलेल्या सुरावर धरून नैसर्गिक सुरांवर लावलेली, तर ते आधी कानानं लावतात आणि मग ट्यूनरवर आकडे घेऊन वहीत लिहून ठेवतात, पुढच्या पावसाळ्यानंतर तीच पेटी आली तर कुठला सूर किती सरकला ते बघायला. दुकानात ह्युमिडिटी मीटर पण आलंय, बोरकरांच्या फोटोखाली.

बरं, आता कामाच्या गोष्टी. साफसफाई आणि ट्यूनिंगचं पेटीप्रमाणे दीड ते अडीच हजार, भाता आणि चामड्याचं काम वेगळं. नवीन रीड लागले तर पालिताण्याचे वापरतात आणि तसं सांगून वापरतात, तुमचे जुने रीड काढले तर पुडीत बांधून तुम्हाला परत देतात. फक्त कॅश. फोनवर काही ठरत नाही, फोन उचलतच नाहीत. श्रावण ते चवथ अजिबात जाऊ नका, तेव्हा सगळ्या गोव्याची भजनं त्या खोलीत रांग लावून असतात, डिसेंबर ते मार्च सगळ्यात चांगलं, हवा कोरडी असते आणि ट्यूनिंग टिकतं. दिलेली तारीख साधारण पंधरा दिवसांनी पुढे जाते, हा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही, कार्यक्रम असेल तर महिनाभर आधी द्या. पार्किंग नाही. तीन पायऱ्या उंच आहेत, पेटी घेऊन एकट्यानं चढू नका. तुम्ही बोलताना ते गप्प राहिले तर अपमान वाटून घेऊ नका, पेटी ऐकत असतात. स्केल चेंजर, कपलर वगैरे असलेल्या मोठ्या पेट्या घेतात पण मनापासून आवडतात त्या साध्या, भजनाच्या. इलेक्ट्रॉनिक वाद्यं अजिबात नाही.

पेटी दाखवायला नेण्याआधी आठवडाभर तरी घरी रोज वाजवून काय बिघडलंय ते लिहून न्या. काम लवकर होतं आणि पैसेही वाचतात.

पाचपैकी पाच.

रविवारी गेलात तर अर्धं दार उघडं असेल, आत काका घड्या घालत असतील आणि मागच्या स्टुलावर मी असेन. सध्या माझ्यापुढे पेडण्याहून आलेली एक पेटी आहे, देवळातली, पहिल्यांदाच अख्खी माझ्यावर सोडलीये. त्र्याऐंशी रीड लागलेत. मधल्या सप्तकातला एक कोमल धैवत बाहेर बरोबर लागतो आणि आत बसवला की उतरतो. मेस्तांना विचारलं तर म्हणाले, त्यांनाही कळत नाहीये, आधी तू लिहून ठेव कधी किती उतरतो ते, मग दोघं बसून बघू.